भजनी मंडळाला संगीतावरचे पिक्चर कसे दाखवायचे

आधीच सांगते, मी सिनेमातली जाणकार वगैरे अजिबात नाही. गावच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, घरात सासऱ्यांच्या वेळचा पखवाज आहे तो आता दीर वाजवतो, आणि चार वर्षांपूर्वी आम्ही मुंबईहून कायमचं गावी आलो तेव्हा नवऱ्याने एक सेकंडहँड प्रोजेक्टर सोबत आणला होता तो माळ्यावर पडून होता, एवढंच भांडवल. गाव देवगड आणि मालवणच्या मधल्या पट्ट्यात, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही एवढ्या अंतरावर.

पावसाळ्यात इथे काय होतं ते इथल्यांना माहीतच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, दशावतारी कंपन्यांचा सीझन आटपलेला, भाताचा तरवा काढून लावणी झाली की संध्याकाळी माणसं मोकळी, आणि गणपतीची भजनं बसवायला अजून अवकाश. मग शनिवारी रात्री आमच्या पडवीत चादर बांधून संगीतावरचे पिक्चर लावायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी निम्मे पिक्चर पडले. सपशेल पडले, माणसं पान खायला म्हणून खळ्यात गेली ती परत आलीच नाहीत. त्यामुळे खाली जे लिहितेय ते बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे, तुमच्या वाडीत कोणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल.

आधी निवड कशी करायची ते, कारण सगळे तिथेच चुकतात. इंटरनेटवर "संगीतावरचे सर्वोत्तम सिनेमे" अशा याद्या ढिगाने आहेत, पण त्या एकट्याने हेडफोन लावून बघणाऱ्यांसाठी असतात, पडवीत वीस जण बसणार आणि त्यातले बारा जण स्वतः काहीतरी वाजवणारे-गाणारे असणार तर हिशोब वेगळा. आमच्याकडे पखवाजावरचे दाजी आहेत, सत्तरी ओलांडलेली, कोणाचे दाजी ते विचारू नका, सगळा गाव त्यांना दाजीच म्हणतो. हा माणूस पडद्यावर चेहरा बघतच नाही, हात बघतो. कुठल्यातरी पिक्चरमध्ये हिरो तबला बडवत होता आणि दाजी अख्ख्या पडवीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्येचो हात खंय नि आवाज खंय!" झालं, त्यानंतर तो हिरो कितीही रडला तरी कोणाला काही वाटलं नाही.

तेव्हापासून मी पिक्चर लावायच्या आधी स्वतः वीस मिनिटं बघून घेते, तेही हात बघण्यासाठी. पेटीचं तर विचारूच नका, नट मंडळी उजव्या हाताने सुरांवर बोटं फिरवतात आणि डावा हात भात्यावर नुसता ठेवलेला, भाता मिटलेला आणि सूर आपला चालूच. हे ज्याला दिसत नाही त्याला काही फरक पडत नाही, पण ज्याने आयुष्यभर भाता ओढलाय त्याला ते खड्यासारखं लागतं. दुसरं बघते ते गाणं पुरतं ऐकू देतात का. पुष्कळ पिक्चरमध्ये गाणारा तोंड उघडतो की लगेच भूतकाळ, पाऊस, नायिका, रेल्वे, आणि गाणं मागे पार्श्वसंगीतासारखं वाजत राहतं. भजनवाल्या माणसाला हे चालत नाही, त्याला गाणाऱ्यासमोर बसायचं असतं. आणि तिसरं म्हणजे रियाज, गाणं बसत नाहीये, सूर लागत नाहीये, लय सुटतेय असं कुठे दाखवलंय का. ज्या पिक्चरमध्ये सगळं पहिल्या फटक्यात जमतं तो संगीतावरचा पिक्चर नाही, तो फक्त गाण्यांचा पिक्चर, तोही बघा की, मजा येते, पण आज त्याच्याबद्दल बोलत नाहीये.

सुरुवात घरच्या गोष्टीपासून करायची. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून थेट परदेशी पिक्चरने उद्घाटन केलं होतं, ते सोडा. दुसऱ्या वर्षी 'पिकासो' लावला, अभिजीत वारंग यांचा, २०२१ साली प्राइमवर आलेला, जेमतेम सव्वा तासाचा. बाप दशावतारी, दारूने पोखरलेला, पोरगा चित्रकार, त्याला फीचे पैसे हवेत. प्रसाद ओकने बाप केलाय. सिंधुदुर्गातलंच सगळं, देऊळ, रंगायची जागा, पेटी-पखवाज-झांज एवढ्यावर उभं राहणारं दशावताराचं संगीत. समोर बसलेल्यांत दोघे जण एकेकाळी कंपनीत राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे, त्यातले एक मधेच उठून म्हणाले, "ह्या आमचाच घर आसा." आणि परत बसले. त्या रात्री कोणी पान खायला उठलं नाही. त्यामुळे पहिला शनिवार असाच काहीतरी लावा, छोटा आणि ओळखीचा. २०२५ चा 'दशावतार'सुद्धा याच कामाचा, दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री केलाय, गोष्ट पुढे वेगळ्याच वळणाला जाते आणि लांबीला मोठा आहे, पण वेशातला माणूस आणि वेश उतरवलेला माणूस यातला फरक त्यांनी जो दाखवलाय तो आमच्या इथल्या लोकांना वेगळा समजवावा लागत नाही. वरच्या बाजूला, राजापूर-लांजा पट्ट्यात असाल तर तुमच्याकडे शक्ती-तुरेवाले असणार, म्हणजे दोन बाजूंनी कवनात सवाल-जवाब करणारे शाहीर, त्यांच्यासाठी सुरुवात वेगळी करा, ते पुढे सांगते.

दुसऱ्या शनिवारी सामना. आपल्याकडे भजनाची डबलबारी म्हटलं की दहा कोस चालत माणसं येतात, दोन बुवा समोरासमोर, एकाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं, रात्री अडीच वाजता गजराला पब्लिक उठून उभं. ही भूक आहे तर तिलाच खायला घाला. 'कट्यार काळजात घुसली' त्यासाठीच आहे, २०१५ चा, सुबोध भावेचं पहिलं दिग्दर्शन, मूळ नाटक १९६७ चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचं, म्हणजे गोव्यातल्या मंगेशीचे, आपल्याच किनाऱ्याचे. नाटकात खाँसाहेब वसंतराव देशपांडे करायचे आणि पिक्चरमध्ये सचिन पिळगांवकरच्या खाँसाहेबांना आवाज दिलाय वसंतरावांचा नातू राहुल देशपांडेने. पंडितजी म्हणजे शंकर महादेवन, ते स्वतःच गातात. सदाशिवसाठी महेश काळे, त्याला याच पिक्चरसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही माहिती पिक्चरच्या आधी दोन मिनिटांत सांगून टाका, कारण मग लोक आवाज ओळखत बसतात आणि तीच मजा असते.

त्याच्यानंतरच्या आठवड्यात जुने हिंदी सामने, पण अख्खे पिक्चर नाही, फक्त तुकडे. १९५२ च्या 'बैजू बावरा'मधला शेवटचा सामना, तानसेनाच्या बाजूने उस्ताद अमीर खाँ आणि बैजूच्या बाजूने डी. व्ही. पलुस्कर, असे दोन खरे गवई एका पिक्चरमध्ये समोरासमोर, नौशादनी जमवलेले. आणि १९५६ च्या 'बसंत बहार'मधला, ज्यात भीमसेन जोशी आणि मन्ना डे आहेत आणि गोष्टीप्रमाणे मन्ना डेंनी भीमसेनना हरवायचं आहे. मन्ना डे बिचारे घाबरून गेले होते, हे ते स्वतःच सांगायचे. हे दोन तुकडे पाठोपाठ लावले आणि मग लाईट लावून विचारलं कोण जिंकलं, तर रात्री साडेबारापर्यंत भांडण. एका काकींनी सांगितलं की हरणाऱ्याचं गाणं जास्त चांगलं होतं, आणि खरं सांगू तर मलाही तसंच वाटलं.

आता इथे आवाजाचं सांगायलाच हवं, कारण 'कट्यार'च्या रात्री आमची जी फजिती झाली ती कोणाची होऊ नये. आम्ही भजनाचाच मिक्सर नि अँप्लिफायर वापरतो, चांगला दणकट आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, मिक्सरच्या माइकच्या भोकात घातली, पिक्चर सुरू. वाद्यं ऐकू येतायत, तानपुरा येतोय, मागचा कोरस येतोय आणि गाणारा मुका! शंकर महादेवन तोंड उघडतायत, मिटतायत, आवाज शून्य. "गाणा खंय गेला?" म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या दुकानातून वायर आणली तिथल्या पोराने सांगितलं होतं की काही होत नाही, घाला, म्हणून घातली होती. कारण नंतर कळलं ते असं की लॅपटॉपमधून डावा-उजवा असे दोन वेगळे आवाज येतात, आणि मिक्सरचं ते भोक दोन तारांवर आलेल्यातून एक वजा दुसरा असं करतं, लांबच्या माइकच्या वायरीत घुसलेली खरखर मारायला ते तसं बनवलेलं असतं. वाद्यं थोडी डावीकडे थोडी उजवीकडे मिसळलेली असतात म्हणून उरतात, पण गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच, मधोमध ठेवलेला, तो वजा होऊन गायब. उपाय एकदम स्वस्त आहे, एका बाजूला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिना अशी वायर घ्यायची आणि दोन वेगवेगळ्या चॅनलला लावायची, किंवा लाल-पांढऱ्या पिनांची वायर ऑक्सला. आणि हो, इकोचा नॉब शून्यावर आणायचा! भजनाला तो कायम चढवलेला असतो, कोणाच्या लक्षातच येत नाही, मग पिक्चरमधली बाई "चहा घेता का" म्हणाली तरी ते गुहेतून आल्यासारखं येतं.

ब्लूटूथ स्पीकर तर संगीताच्या पिक्चरला नकोच. आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागून येतो, साध्या पिक्चरला कळत नाही, पण तबल्यावर हात पडल्यावर थाप मागून आली की दाजी आहेतच. वायर नसेलच तर व्हीएलसी प्लेयरमध्ये फाइल चालवा आणि कीबोर्डवरचं इंग्रजी J बटण दाबत जा, दर दाबाला आवाज पन्नास मिलिसेकंद पुढे येतो, जास्त झालं तर K दाबून मागे. थाप आणि हात जुळेपर्यंत दाबत राहायचं, हे काम मी दाजींनाच दिलंय, ते "हां, आता" म्हणाले की थांबायचं.

पत्र्यांचा पाऊस हा वेगळाच विषय. कौलं असतील तर नशीबवान आहात. आमच्या पडवीला पत्रे आहेत आणि जुलैत एकदा सर आली की लता असो की पखवाज, काही ऐकू येत नाही. म्हणून पिक्चर पावसाप्रमाणे निवडते. जून-जुलैत दणदणीत, ढोलकी-तमाशाचे. 'नटरंग' (२०१०, रवी जाधव, अजय-अतुल) पत्र्यावरच्या पावसातसुद्धा ऐकू येतो, अतुल कुलकर्णीने पैलवानाचा नाच्या होताना जे शरीर बदललंय ते तर आवाज बंद असला तरी कळतं. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पण तसाच, वसंत पवारांचं संगीत. आणि हळू, शांत, तानपुऱ्याचे पिक्चर श्रावणातल्या उघापीसाठी, म्हणजे पाऊस थांबलेल्या रात्रींसाठी, राखून ठेवा.

शांत म्हटल्यावर 'द डिसायपल' आलाच. चैतन्य ताम्हाणेचा, २०२० ला व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालेला, नेटफ्लिक्सवर आहे आणि मराठी आहे. शरद नेरूळकर म्हणून एक मुलगा शास्त्रीय गाणं शिकतोय, वर्षानुवर्षं शिकतोय, मनापासून करतोय, आणि त्याला ते येत नाही. म्हणजे येतं, पण पुरेसं येत नाही. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः गाणारा आहे, गुरू झालेत अरुण द्रविड, तेही खरे गवई, त्यामुळे हाताची, गळ्याची कसलीच फसवणूक नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावरून तो बाइकवर सावकाश जातोय आणि कानात गुरूंच्या गुरू माईंच्या व्याख्यानाची टेप, तो आवाज सुमित्रा भावेंचा, आणि ती टेप त्याला म्हणते की हे गाणं साधायचं तर एकटं नि उपाशी राहायला शिक. माझ्या मते मराठीत गाणं शिकण्यावर याच्याइतका खरा पिक्चर झालेला नाही. आणि आमच्या पडवीत हा पिक्चर साफ पडला. "झाला काय? कायच जावक नाय." असं म्हणून मंडळी उठली. माझीच चूक, पहिल्या वर्षी, भर जुलैत, पत्र्याखाली, वीस माणसांत लावला होता.

गेल्या वर्षी परत लावला, पण पद्धत बदलली. फक्त सहा जण, सगळे गाणारे-वाजवणारे, उघाप असलेली रात्र, आणि आधी सांगून टाकलं की यात शेवटी बक्षीस वगैरे काही मिळत नाही, एका न जमणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. मैफलीतला तो भाग, जिथे तान घेता घेता शरदचं मधेच तुटतं आणि गुरू सगळ्यांसमोर त्याला टोकतात, तो थांबवून दोनदा बघितला. दीर काहीच बोलला नाही. नंतर दोन-तीन दिवसांनी म्हणाला की वैनी, तो बघितल्यापासून मी दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीत, जातो तेव्हा मला माझंच ऐकू यायला लागलंय. हा असा पिक्चर आहे, सगळ्यांसाठी नाही, पण ज्याच्यासाठी आहे त्याला चुकवू देऊ नका.

महिला मंडळासाठी वेगळा दिवस ठेवा, हे माझं ठाम मत. रात्री बायका शेवटपर्यंत बसू शकत नाहीत, निम्मं लक्ष चुलीकडे, म्हणून आम्ही मंगळवारी दुपारी बसतो, खिडक्यांना घोंगड्या लावून. सगळ्यात जास्त चाललेला पिक्चर कोणता तर १९३६ चा 'संत तुकाराम'. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम काम करता करता गातो, गाण्यासाठी वेगळा थांबत नाही, हे आमच्या बायकांना इतकं पटलं की विचारू नका, आणि आवलीने विठोबाला सुनावलं तेव्हा तर टाळ्या. त्यातला 'आधी बीज एकले' तुकोबांचाच म्हणून पुष्कळ ठिकाणी गातात, आम्हीही गात होतो, तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, या पिक्चरसाठी, १९३६ साली. हे सांगितल्यावर एक काकी माझ्यावर आठवडाभर रुसल्या होत्या. प्रिंट जुनी आहे, आवाज खरखरतो, ट्रेबल थोडा कमी करा म्हणजे कानाला टोचत नाही.

'बालगंधर्व' (२०११) पण बायकांनाच जास्त आवडला, आनंद भाटेंचा आवाज आणि सुबोध भावेचा पदर. मुलगी गेल्याचं कळूनही 'मानापमान'चा पहिला प्रयोग करणारा माणूस बघून आमच्यात बराच वाद झाला, थोर म्हणायचं की काय म्हणायचं. 'मी वसंतराव' (२०२२) चांगलाय पण लांब आहे, दोन मंगळवार करा, राहुल देशपांडेने आजोबांची भूमिका केलीय नि गायलाय, आणि लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करत करत गाणाऱ्या माणसाची घुसमट ज्यांना नोकरी सांभाळून भजन करावं लागतं त्यांना लगेच कळते.

शक्ती-तुरेवाल्यांना काय दाखवायचं ते सांगते म्हटलं होतं. 'अमर सिंह चमकीला', २०२४, नेटफ्लिक्सवर, इम्तियाझ अलीचा. पंजाबातला अखाड्यात गाणारा माणूस, गाणी दुअर्थी, पब्लिक तीच मागतं, आणि तेच पब्लिक बाहेर जाऊन अश्लील म्हणून ओरडतं, शेवटी १९८८ मध्ये त्याला आणि बायकोला गोळ्या घालतात. दिलजित आणि परिणितीने गाणी सेटवरच गायलीत, त्यामुळे श्वाससुद्धा खरा वाटतो. आमच्या इथे एक शाहीर पाहुणे आले होते, कवनात एकमेकांना टोमणे मारण्यात आयुष्य गेलेलं, ते पिक्चर संपल्यावर बराच वेळ अंधारातच बसून होते. मुलांना बसवू नका याला. शाहिरांसाठीच 'कोर्ट' (२०१४) पण, तोही ताम्हाणेचा, गाण्यामुळे एका माणसाने जीव दिला असा आरोप ठेवून शाहिराला कोर्टात खेचतात, शाहीर झालेत वीरा साथीदार आणि गाणी संभाजी भगतांची. आणि ज्यांना जमेल त्यांनी आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) बघा, डॉक्युमेंटरी आहे, बनवायला १४ वर्षं लागली, शाहीर विलास घोगरेंपासून सुरू होते. एका बैठकीत झेपत नाही.

परदेशी पिक्चर लावायचे का? लावायचे, पण इंग्रजी सबटायटल म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत आणि वाचली तरी मग हात कोण बघणार. आम्ही भाच्याला बसवतो, अकरावीत आहे, तो चालू पिक्चरमध्ये मालवणीत सांगत जातो. 'व्हिपलॅश' (२०१४) त्याने असाच सांगितला, शिव्या गाळून, म्हणजे निम्मा पिक्चर तो गप्पच होता. ड्रम वाजवणारा पोरगा, छळवादी मास्तर, तू घाई करतोयस की मागे पडतोयस असं विचारत विचारत पोराला रडवतो. दाजींनी हात पास केले, माइल्स टेलर बराचसा स्वतःच वाजवतो. पण मास्तर नापास. "पोरगो रगात येयसर वाजयता आणि ह्यो म्हणता लय गेली, आमच्या बुवान असा केल्यान असता तर पखवाज तेच्याच डोक्यार घातलंय असतंय."

पोरांसाठी 'कोको' (२०१७), मेक्सिकोतला, मेलेल्या माणसांचा फोटो मांडून त्यांना जेवायला वाढायचं, म्हणजे आपला म्हाळच की. कार्टून असूनही गिटारवरची बोटं खऱ्या वाजवणाऱ्यांची बघून काढलीत, दाजींनी मान डोलावली. म्हाताऱ्या वादकांसाठी 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' (१९९९), विम वेंडर्सची डॉक्युमेंटरी, क्यूबातले विसरले गेलेले म्हातारे गायक-वादक, कोणी बूट पॉलिश करत होता, कोणाकडे घरी पियानो राहिला नव्हता, आणि त्यांना शेवटी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेतात. याला भाषांतर लागतच नाही, भाचा झोपला तरी चालतं. 'वन्स' (२००७) तरुण जोडप्यांना, फक्त १७ दिवसांत शूट केलेला. 'अमाडेउस' (१९८४) भारी आहे, आठ ऑस्कर, पण सालियेरीने मोत्सार्टचा असा घात केला हे इतिहास म्हणून घेऊ नका. 'साउंड ऑफ मेटल' एकट्याने हेडफोन लावूनच बघा, ऐकू येणं जाणाऱ्या ड्रमवाल्याचा आहे, पडवीत त्याचा काही उपयोग नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावरचा एक कोकणी पिक्चर आहे, 'नाचुया कुंपासार' (२०१४), बार्द्रॉय बार्रेटोचा, गोव्याची गायिका लॉर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी यांच्या आयुष्यावर बेतलेला, गाण्यांनीच भरलेला. गोव्यातून मुंबईत जाऊन हिंदी गाण्यांच्या मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणारी माणसं, ज्यांची नावं कधी कोणाला कळली नाहीत, ती यात दिसतात. मालवणी येते त्याला कोकणी निम्म्याहून जास्त कळते. नावं न कळण्यावरून आठवलं, वसंत देसाई सावंतवाडी संस्थानातल्या सोनवड्याचे, हे आमच्या पडवीत वीसातल्या दोघांनाच माहीत होतं. मग त्यांचा 'गूंज उठी शहनाई' (१९५९) लावला, शहनाई बिस्मिल्ला खाँसाहेबांची, पडद्यावर राजेंद्रकुमार. हात नापास, पण गावच्या माणसाचं संगीत म्हणून दाजींनी माफ केलं.

बाकी बारीकसारीक. तिकीट लावू नका, चहाचे पैसेसुद्धा घेऊ नका, ओटीटीचं अकाउंट घरगुती वापरासाठी असतं, घरच्या पडवीत घरची नि शेजारची माणसं इथपर्यंतच ठेवा, देवळाच्या सभामंडपात मोठा कार्यक्रम करायचा असेल तर ज्यांचा पिक्चर आहे त्यांची रीतसर परवानगी घ्या. पिक्चर आदल्या दिवशीच अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा, पावसात नेटवर्कचा भरवसा नाही, आणि लाईट जाणार हे धरूनच चला, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि मिक्सर दोन्ही चालतात का ते दिवसा बघून घ्या. खायला भाजलेल्या आठळ्या आणि गवती चहा घातलेला काळा चहा. पिशवीतलं कुरकुरीत काही नको, 'डिसायपल'मध्ये तानपुरा जुळवताना कोणीतरी वेफरची पिशवी फोडली होती.

पिक्चर संपला की लगेच पेटी बाहेर काढा, उद्यावर टाकू नका. जी चाल डोक्यात आहे ती दहा मिनिटांत पेटीवर शोधायची, कोणता सूर धरून चाललीय ते बघायचं, पखवाजवाल्याने ठेका लावून बघायचा. गेल्या गणपतीत आमच्या गजराला जी उठावण होती ती 'संत तुकाराम'मधून आलीय, कुठल्या गाण्यातून ते सांगणार नाही, समोरच्या वाडीचं मंडळ पण वाचत असेल हे.

आणि प्रोजेक्टर. हवेत एवढी ओल असते की लेन्सला आतून बुरशी धरते, आमच्या पहिल्या प्रोजेक्टरला धरली, पडद्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग दिसायला लागले. वापरून झाला की पूर्ण थंड होऊ द्या, कोरड्या फडक्याने पुसा, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला, नाहीतर रंग बदलणारं जेल घ्या, ते ओलं झालं की दिसतं, मग कढईत मंद आचेवर सुकवून परत वापरता येतं. त्यासाठी कढई मात्र वेगळी ठेवा.